मामांची सहाची गाडी

मामा, तुमच्या पुस्तकाला लिंबाच्या लोणच्याचा वास येतो.

पान उघडले की आधी तो येतो. मग मागून, थोडे अंतर राखून, रॉकेलचा, गंजलेल्या लोखंडाचा, डांबराच्या गोळ्यांचा. प्रार्थना सर्वांत शेवटी पोचते. तारखेला एक पान, पानावर एक वचन, वचनाखाली दहा-बारा ओळींचे मनन, अशी ती दर वर्षीची जाड पुस्तिका तुम्ही नोकरीभर गार्डच्या काळ्या लोखंडी पेटीत, झेंड्यांच्या आणि जेवणाच्या डब्याच्या मधोमध ठेवलीत. निवृत्तीच्या दिवशी झेंडे, दिवा, पेटी सगळे परत केलेत आणि आठवड्याच्या आत दौंडच्या लोहाराकडून अगदी तशीच पेटी करून घेतलीत, कारण लाकडी कपाटातले पवित्र शास्त्र तुम्हांला वाचवेना. डबा नेण्याचे दिवस संपले होते, तरी लोणच्याची बरणी तिच्यातच राहिली. मामींनी विचारले तेव्हा म्हणालात, “वासाबिगर मन लागत न्हाई.”

तुम्हांला जाऊन आज एकवीस दिवस झाले. हे मी शिरूरच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. तुमची पेटी जेवणाच्या टेबलावर आहे आणि ती हलवायला दोन माणसे लागतात.

आपला करार तुम्हांला सांगायला नको, पण मला तो पुन्हा एकदा उच्चारायचा आहे. माझे लग्न ठरले तेव्हा तुम्ही सुनीलला नखशिखान्त न्याहाळलेत, त्याची रांजणगावची नोकरी, त्याचे चर्च, त्याच्या आवाजातला सूर, सगळे पसंत केलेत आणि शेवटी आईला बाजूला घेऊन खिन्नपणे म्हणालात, “पोरगा चांगला हाय गं, पर गावाला टेसन न्हाई.” शिरूरला रेल्वे जात नाही, हे माझ्या संसारातले एकमेव व्यंग तुम्ही शेवटपर्यंत मनाला लावून घेतलेत. मग तुम्ही स्वतःच एक गाडी सुरू केलीत. आहेरात मननाची पुस्तिका दिलीत आणि नियम सांगितलात. सकाळी सहाला तुम्ही दौंडला वाचायचे, सहाला मी शिरूरला, पान एकच. सहा बाराला तुमचा फोन.

“ऑलराईट?”

“ऑलराईट.”

फोन बंद. चार सेकंद. त्यात पाऊस, प्रकृती, नातेवाईक यांतले काहीही बसत नसे. “त्याला रविवार हाय,” तुम्ही म्हणायचात.

गाडी सुटली की इंजिनातला ड्रायव्हर शिटी देऊन मागे वळून पाहतो आणि शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा झेंडा हलवतो. मधे वीस-बावीस डबे असतात. दोघांना एकमेकांचे तोंडही धड दिसत नाही, फक्त गाडी अखंड आहे एवढे कळते. त्याला तुमच्याकडे ‘ऑलराईट देणे’ म्हणतात. श्रद्धेची याहून लांब व्याख्या तुम्ही कधी केली नाहीत, आणि इतकी वर्षे वर्गात कविता शिकवूनही मला याहून नेमकी सापडली नाही. हे तुम्हांला कधी सांगितले नाही. सांगितले असते, तर पुढच्या रविवारी तुम्ही ते मंडळीसमोर माझ्या नावासकट सांगितले असते.

आमच्या घरच्या पहिल्या प्रार्थनासभेतली गोष्ट तुम्ही ‘असं झालंच न्हाई’ म्हणून आयुष्यभर नाकारलीत. आज नाकारायला तुम्ही नाही, म्हणून मी ती साग्रसंगीत सांगते. केंदूरचे आप्पा, आपल्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ, प्रार्थनेला उभे राहिले होते. आप्पांच्या प्रार्थनेला थांबे फार. ती केंदूरहून निघाली, शिरूर तालुक्यातल्या आजाऱ्यांपाशी थांबली, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना सुबुद्धी देऊन राज्याबाहेर पडली आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेतल्या अनाथ लेकरांपर्यंत पोचली. मुलांचे पाय अवघडले होते. गॅसवर पुलाव होता, आणि लवंग-तमालपत्राच्या वासाने मिटलेल्या डोळ्यांनासुद्धा भूक लागली होती. अशात कुकरची शिटी झाली.

तुम्ही मिटल्या डोळ्यांनीच ताडकन उभे राहिलात, उजवा हात बाजूला लांब केलात आणि खणखणीत आवाजात म्हणालात, “ऑलराईट!”

मंडळीला वाटले, प्रार्थना संपली. “आमेन,” सगळे एका सुरात म्हणाले, सर्वांत मोठ्याने मुले. माणसे चपला शोधू लागली, कुणी ताटे मांडायला घेतली. आप्पा आफ्रिकेतच राहिले.

“शांतवन,” ते परत आल्यावर म्हणाले, “माझी प्रार्थना व्हायची व्हती आजून.”

“आप्पा, शिटी झाली,” तुम्ही म्हणालात. “शिटी झाल्यावर गार्डानं काय करायचं?”

“ती कुकरची व्हती!”

“पाठमोरं काय कळतंय?”

त्यानंतर आप्पांची प्रार्थना ज्या घरी असेल, त्या घरच्या बायका न विसरता कुकर लावू लागल्या. मंडळीच्या आध्यात्मिक जीवनाला तुम्ही दिलेले हे योगदान दफनाच्या दिवशी कुणी बोलून दाखवले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

गार्डला आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचे, असे ठरल्याचे वर्तमानपत्रात आले तेव्हा तुम्ही दोन दिवस ऑलराईटपलीकडे कुणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सहा बाराचा नियम प्रथमच मोडून फोनवर म्हणालात, “माले, मॅनेजर बँकेत आसतोय. गार्ड राखन करतोय.” आणि ऑलराईट न विचारताच फोन ठेवलात. मी दिवसभर अस्वस्थ होते, जणू मधल्या एखाद्या जागी माझा डबा सुटून मागे राहिला होता.

आपले खरे भांडण मात्र भाषेवरून होते. त्या पुस्तिकेचे मराठी मला सोसत नसे. पानोपानी एक वादळ, एक नाव आणि एक दीपस्तंभ. घोडनदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला दीपस्तंभ दाखवून कोणता धीर येणार? मी पेन्सिल घेऊन बसायची आणि विशेषणे खोडायची. एकदा तुम्ही माझी प्रत उघडून पाहिलीत. चष्मा कपाळावर चढवलात.

“माले, तू हे वाचतीस का तपासतीस?”

“मामा, एका प्रार्थनेत तीन वेळा ‘अत्यंत’ कशाला?”

तुम्ही पानावर बोट ठेवून तिन्ही ‘अत्यंत’ मोजलेत. मग म्हणालात, “एखाद्याला तिन्ही लागत आसतील.”

तेव्हा मी हसले होते.

मग आई गेली. तुमची धाकटी बहीण. तिच्या बोटांना कायम ओल्या कोथिंबिरीचा वास असायचा. तो या ओट्यावरून हळूहळू विरत गेला आणि त्याच्या मागोमाग माझ्या वाचनातला ओलावाही. वचने तीच होती, पण ती घशाखाली उतरेनात. जणू कोरडी भाकरी, पाण्याशिवाय. वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण तिच्या जाण्याला वर्ष झाले त्या दिवशी दौंडला तुमच्या पडवीत बसून मी तुम्हांला सांगितले की मला काही जाणवत नाही, आणि जाणवल्याशिवाय वाचणे म्हणजे ढोंग. मी हे फार सुंदर शब्दांत मांडले होते. रस्ताभर जुळवत आणले होते.

तुम्ही शेंगा सोलत होतात. “रिकामा रेक बघितलायस कवा?” तुम्ही विचारलेत.

“म्हणजे?”

“आख्खी गाडी. दिवे चालू, पंखे चालू, आन् आत मानूस न्हाई. आमी तीबी चालवतो. झेंडा दावतो, टायम लिहितो. ती पोचली, तरच उद्या सकाळची गाडी तिथनं सुटती. न्हाई पोचली, तर लोकं फलाटावर हुभी.”

“मी गाडी नाही, मामा.”

“न्हाईसच,” तुम्ही एक शेंगदाणा माझ्या हातावर ठेवलात. “पर उद्या सकाळ तुलाबी हाय.”

त्यावर माझ्याकडे उत्तर होते. चांगले होते: रिकाम्या गाडीला गार्ड असतो, ढोंगाला झेंडा कोण दाखवणार? पण मामींनी आतून जेवायला हाक मारली, आणि ते उत्तर माझ्यापाशी तसेच राहिले. आता ते खोटे ठरले आहे, हे तुम्हांला सांगायलाच मी हे लिहायला घेतले. पण त्याआधी दुसरे एक खोटे सांगायला हवे.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. दूध वर येत होते, सुनीलला कंपनीचे ओळखपत्र सापडत नव्हते, कोपऱ्यावर रांजणगावची बस हॉर्नवर हॉर्न देत होती. पुस्तिका मिटलेली, भाताच्या डब्याखाली. सहा बारा. “ऑलराईट?” तुम्ही विचारलेत. मी म्हणाले, “ऑलराईट.”

एवढेच. खोटे इतके लहान की ते बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी ते अधिकच सोपे गेले. तिसऱ्या दिवशी मी पुस्तिका शोधलीही नाही. अशी अडीच वर्षे गेली, मामा. दर जानेवारीला तुम्ही नवी पुस्तिका पाठवायचात आणि मी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवायची, कारण तिचा आकार नेमका बसायचा. तुमच्या पुस्तकांवर लोणच्याचे डाग आहेत. माझ्या शेवटच्या दोन प्रतींवर दुधाचे एक गोल, स्वच्छ, लाजिरवाणे वर्तुळ आहे.

कबूल करायचे मी ठरवले होते. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ठरवूनच दौंडला आले. तुमच्या घरामागून रूळ जातात. आपण चहा घेत होतो. मी म्हणाले, “मामा, एक सांगायचंय.” नेमकी तेव्हाच मालगाडी आली. तुम्ही बोट वर केलेत, म्हणजे थांब, आणि नेहमीसारखे तिच्या वाघिणी, एकेक डबा करत, मोजू लागलात. पेले हलत होते, भिंत हलत होती, माझा निश्चय हलत होता. शेवटचा डबा गेला. इंजिनाच्या धुराचा तो कडवट, उबदार वास पडवीत रेंगाळला.

“अठ्ठावन,” तुम्ही समाधानाने म्हणालात. “हां, काय सांगत हुतीस?”

“काही नाही. चहा छान झालाय.”

“साखर न्हाई त्यात,” मामी आतून म्हणाल्या.

मामींविषयी थोडे बोलायला हवे, कारण तुमच्यानंतर घरात त्यांचाच आवाज उरला आहे, आणि तो एका शब्दात मावतो. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक विधानाला तोच एक शब्द विचारला. भाजीवाला म्हणे, आजची मेथी, मामी म्हणत, “खरंच?” तुम्ही म्हणायचात, गाडी वेळेवर आहे, मामी म्हणत, “खरंच?” एका प्रार्थनासभेत पाळकसाहेब डोळे मिटून भारावलेल्या आवाजात म्हणाले की प्रभू या क्षणी तुमच्या दाराशी उभा आहे, तर मामींनी वळून दाराकडे पाहिले आणि विचारले, “खरंच?” त्यात अविश्वास नव्हता. एक कप चहा जास्त ठेवायचा का, एवढेच त्यांना कळून घ्यायचे होते.

दफनाच्या दिवशीही त्यांनी तेच केले. माती ओली होती, झेंडूच्या आणि निशिगंधाच्या वासाने डोके जड झाले होते. पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले, “बंधू शांतवन आता विश्रांती घेत आहेत.”

“खरंच?” मामी म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावून, माझ्याकडे झुकून, “पाच मिंटं बूड टेकत न्हवता गं हा मानूस.”

मी हसले, मामा. तुमच्या कबरीपाशी. मामीही हसल्या. आणि त्या हसण्यातूनच पहिला हुंदका आला. तोवर तो कुठून बाहेर पडावा हे त्याला कळत नव्हते.

निघताना मामींनी पेटी दाखवली. “हे धूड घेऊन जा. मला वासानं झोप न्हाई. आन् पुस्तकांच्या कडंला काय काय लिहिलंय, ते बघ.” थोडे थांबून म्हणाल्या, “मी बघितलंय.”

तुम्ही समासात लिहिता, हे मला ठाऊक नव्हते. मी मजकुरात विशेषणे खोडत होते, आणि तुम्ही तिथे गार्डचे रोजनामे लिहीत होतात: गाडी कधी सुटली, कधी पोचली, वाटेत किती थांबली (‘डिटेन्शन’) आणि का. प्रत्येक पानाच्या कडेला, टोकदार पेन्सिलीने, शेरा.

‘सुटली ६.००. पोचली ६.१२. वेळेवर.’

‘डिटेन्शन ९ मि. कारण: राग. (चहा बिनसाखरेचा.)’

‘डिटेन्शन २० मि. कारण: वचन समजले नाही. पुन्हा वाचले. समजले नाही. पुढे सोडली.’

शेजाऱ्याच्या कोंबड्यावर तर तुमचा एक सबंध मार्च महिना खर्ची पडला आहे. ‘डिटेन्शन १४ मि. कारण: कोंबडा.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंबडा. शेवटी, क्षमेवरच्या पानाशेजारी: ‘कोंबडेवाल्यास क्षमा केली, ६.३१. कोंबडा पुन्हा, ६.३३. क्षमा रद्द. ६.४० ला पुन्हा केली. पेरू पाठवले.’ मी एकटी, भर दुपारी, त्या पेरूंपाशी पोट धरून हसले. आणि मग, ते पेरू पाठवायला लावणारे पानावर असे काय होते, हे पाहायला ते पान मी वाचले. सबंध. अडीच वर्षांत पहिले.

असे करत मी पाने वाचू लागले. तुमची गाडी कुठे आणि का थांबली, हे कळायला पान वाचावेच लागे. आई गेली त्या तारखेचे पान मी घाबरतच उघडले. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, त्या प्रसंगावरचे मनन. शेजारी तुमचे अक्षर, नेहमीपेक्षा मोठे, ओळ सोडून घसरलेले: ‘डिटेन्शन. वेळ लिहिली नाही. कारण: बहीण.’ पुस्तिकेचे मराठी त्या पानावरही वाईटच आहे. प्रार्थनेत तीन वेळा ‘अत्यंत’ आहे.

मला तिन्ही लागले.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, मामा, एक वेगळी ओळ होती. वर्षानुवर्षे एकसारखी: ‘शिरूर: ऑलराईट.’ मी ती बोटाने चाचपत खाली खाली येत गेले. मग ती तारीख आली. दूध, ओळखपत्र, बस.

‘शिरूर: ऑलराईट दिला. आवाज पोकळ. गाडी रिकामी असावी.’

दुसऱ्या दिवशी: ‘शिरूर: रिकामी.’

तिसऱ्या दिवशी: ‘शिरूर: रिकामी. वेळेवर.’

त्यापुढे अडीच वर्षे तेच. अडीच वर्षे मी तुम्हांला फसवले, आणि तुम्ही ते वेळेसह नोंदवून ठेवलेत! त्या रविवारच्या पानावर, अठ्ठावन्न वाघिणींच्या दिवशी, तुम्ही लिहिले आहे: ‘माला आली होती. काही सांगणार होती. मुद्दाम मोजत बसलो. सांगितले असते, तर उद्यापासून फोनला लाजली असती.’ आणि त्याखाली, शिरूरच्या ओळीत: ‘रिकामी. विचारावे का? नको. येऊ दे.’

तुम्ही कधीच विचारले नाहीत. मी वेळेवर उचलत होते ना, तुम्हांला ते पुरेसे होते. माझ्या त्या कोरड्या, खोट्या, दिवे लावून धावणाऱ्या गाडीला तुम्ही रोज सहा बाराला उभे राहून झेंडा दाखवलात. मी तिला ढोंग म्हणत होते. तुम्ही तिला उद्याची सोय म्हणत होतात. पडवीतले भांडण तुम्ही जिंकलात, मामा. तुम्ही नसताना हरावे लागले, एवढीच माझी तक्रार आहे.

आज सकाळी मी पावणेसहाला उठले. तुमची यंदाची प्रत ओट्यावर घेतली. सहाला पान उघडले. लोणचे, रॉकेल, लोखंड, गोळ्या, मग वचन, मग एक वादळ, एक नाव आणि अर्थात एक दीपस्तंभ. पेन्सिल हाताशी होती. मी काही खोडले नाही. समासात लिहिले, ‘सुटली ६.००.’ मधे दूध उतू गेले: ‘डिटेन्शन ३ मि.’ पुन्हा वाचायला घेतले. फार काही झाले नाही. आभाळ उघडले नाही, डोळे भरले नाहीत. फक्त एका ओळीपाशी मला वाटले की ही आता तुम्हांला विचारावी, आणि तेवढ्यात आठवले की सहा बारा होत आले, आणि लगेच हेही आठवले की फोन येणार नाही.

फोन वाजला.

पडद्यावर ‘मामा दौंड’. माझे हात पिठाचे नव्हते, तरी मी ते पदराला पुसले. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास, त्यामागे पातेल्यात उकळणारा चहा आणि त्याही मागे स्टेशनातली, शब्द न कळणारी घोषणा.

“मामी?”

तुमचा फोन हातात धरून काय बोलायचे असते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. एक मालगाडी धडधडत घरामागून जाऊ लागली. आम्ही दोघी ती जाईपर्यंत थांबलो. मी मोजत होते, बहुधा त्याही. गाडी गेली. मग मी, दुसरे काही सुचेना म्हणून, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदाच जिभेवर त्या शब्दाचे वजन जाणवत, म्हणाले, “ऑलराईट.”

पलीकडे मामींनी चहाखालचा गॅस बंद केला.

“खरंच?”